बॅगेचं प्रस्थान

कोपिला रविवारी निघणार होती, पण तिची बॅग मंगळवारीच निघाली.

गावच्या भटजींनी, पण्डितबाज्यांनी, पंचांग तीनदा उलगडून पाहिलं होतं. रविवार रेल्वेच्या तिकिटाला चांगला होता, पश्चिमेकडे जायला मात्र मुळीच नव्हता. चांगली साइत, म्हणजे मुहूर्त, मंगळवारी होती, सकाळी सहा बेचाळीसला. आता गोरखपूरहून पुण्याला जाणारी गाडी काही पण्डितबाज्यांना विचारून सुटत नाही. म्हणून सरहद्दीअलीकडच्या या डोंगरी गावात, तान्सेनमध्ये, अशा वेळी सगळे करतात तेच करायचं ठरलं. साइतीला सामानातलं काहीतरी घराबाहेर काढायचं आणि जायच्या दिशेला जो शेजारी असेल त्याच्याकडे नेऊन ठेवायचं. झालं प्रस्थान. मग माणूस रविवारी निघो की महिन्यानं, तो मंगळवारी निघाला असंच धरतात. अट एकच असते. एकदा उंबऱ्याबाहेर पडलेलं ते सामान पुन्हा घरात यायचं नाही.

कोपिलाची आई मेनुका बस्याल शाळेत आठवीला विज्ञान शिकवायची. ग्रहणात जेवलं तर काही होत नाही, हे ती फळ्यावर सूर्य-चंद्र काढून मुलांना पटवून द्यायची, आणि ग्रहणाच्या दिवशी नेमकी तिला भूक नसायची. साइतीवर तिचा विश्वास नव्हता. पण एकुलती एक मुलगी तीन दिवसांच्या वाटेवर, परक्या देशात शिकायला चालली असताना विश्वास न ठेवण्याचा धोका कोण पत्करणार?

लोक साइतीला काय ठेवतात? एक रुमाल, त्यात सुपारी, नाणं आणि मूठभर अक्षता. फार तर एखादी जुनी ओढणी.

"रुमाल ठेवला तर रुमालच सुखरूप पोहोचेल," मेनुका म्हणाली. "जे सगळ्यांत महत्त्वाचं, ते आधी निघायला हवं."

"मग मलाच नेऊन ठेव ना त्यांच्याकडे," कोपिला म्हणाली. "रविवारपर्यंत त्यांचंच जेवेन."

मेनुकानं तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि निळी फाइल बॅगेत घातली. फाइलमध्ये दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका होत्या, चारित्र्याचा दाखला होता, नागरिकतेचं प्रमाणपत्र होतं, मंत्रालयाचं ना-हरकत पत्र होतं आणि पुण्याच्या कॉलेजचं प्रवेशपत्र होतं. अठरा वर्षांत कोपिलानं जे जे म्हणून सिद्ध केलं होतं, ते सगळं त्या फायलीत होतं. तिच्यावर मेनुकानं स्वतः विणलेले लोकरीचे लाल मोजे ठेवले.

"आमा, पुण्याला ऊन असतं."

"ऊन दिवसा असतं."

कोपिलानं मोजे बाहेर काढले. मेनुकानं ते परत आत घातले. असं चार वेळा झालं. शेवटी नवरा, पूर्णप्रसाद, चहाचा पेला खाली ठेवून लेकीला म्हणाला, "ठेवू दे ग, नानी. मोजे आपल्या पायांसाठी नसतात, आईच्या झोपेसाठी असतात." पूर्णप्रसाद पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होता. कुठलाही दाब वाढला की आधी झडप सैल करायची, हे त्याच्या नोकरीतच शिकवलेलं होतं.

पश्चिमेला, उतारावर पाच घरं खाली, टीकाराम खत्री राहायचे. हिंदुस्थानी पलटणीत बावीस वर्षं काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. मंगळवारी मेनुका बॅग उराशी धरून त्यांच्या अंगणात पोहोचली, तेव्हा तिच्या मनगटावर बरोबर सहा बेचाळीस झाले होते. आत भिंतीवरच्या घड्याळात मात्र सहा सत्तावीस.

ती अंगणातच थबकली. "दिदी, खरे किती वाजले?"

"तुझेच खरे," टीकारामांची बायको खिमा पदराला हात पुसत म्हणाली. "ते हिंदुस्थानातलं घड्याळ आहे. तिकडचे लोक आपल्यापेक्षा पाव तास मागे. पेन्शनीत येऊन चौदा वर्षं झाली, पण आमचे हवालदारसाहेब काटा पुढे सरकवू देत नाहीत. म्हणतात, सवय आहे. मी पाव तास आधी चहा केला की म्हणतात लवकर केलास, आणि वेळेवर केला की म्हणतात उशीर."

मेनुकाला तरी ते घड्याळ बरं वाटलं नाही. साइतीच्या वेळी समोर चुकीचं घड्याळ असू नये, असं कुठल्या पंचांगात लिहिलेलं नसलं तरी.

पलीकडच्या खोलीतून टीकारामांच्या आईचा आवाज आला. म्हातारी त्र्याण्णव वर्षांची होती. गेली तीन वर्षं तिचा एक पाय इथं होता, एक तिथं, आणि दोन्ही जागा तिची वाट पाहून दमल्या होत्या.

"कोण निघालं ग?"

"मेनुकाची कोपिला, आमा. शिकायला चाललीय."

"वेळ बघितली का?"

"बघितली. फार चांगली साइत आहे म्हणतात."

"मग बरंय," म्हातारी म्हणाली आणि कुशीवर वळली.

खिमानं बॅग खालच्या खोलीत नेऊन ठेवली. घरातली सगळ्यांत स्वच्छ खोली, आत दुसरं काही नाही, येणंजाणं नाही. मेनुका परत जाताना दोनदा मागं वळून पाहणार होती, पण प्रस्थान ठेवून मागं वळायचं नसतं, म्हणून तिनं मान कशीबशी सरळ ठेवली.

बुधवारी सकाळी उतारावरून शंखाचा आवाज आला. लग्नात वाजतो तो वेगळा. हा लांब आणि खालच्या सुरातला. म्हातारी पहाटे गेली होती.

मेनुकाच्या मनात पहिला विचार म्हातारीचा आला. दुसरा त्याच्या पाठोपाठ आला आणि त्याची तिला लगेच लाज वाटली. तो बॅगेचा होता.

"अपशकुन म्हणायचा का हा?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"त्र्याण्णव वर्षांची बाई झोपेत गेली. याला अपशकुन म्हणायला लागलो तर शकुन कशाला म्हणायचं?"

त्याच दिवशी अकरा वाजता कोपिलाच्या फोनवर कॉलेजचं पत्र आलं. ती ते उभ्याउभ्या वाचू लागली आणि मध्येच खाली बसली. परदेशी विद्यार्थ्यांच्या कागदांची तपासणी फोनवर, चित्र दिसेल अशा पद्धतीनं होणार होती. मूळ कागद समोर धरून दाखवायचे. गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत. जो दाखवणार नाही त्याची जागा यादीतल्या पुढच्याला.

"झेरॉक्स आहेत ना घरात?" पूर्णप्रसाद म्हणाला.

"मूळ लिहिलंय, बुवा," कोपिला वडलांना म्हणाली. "दोनदा लिहिलंय. एकदा जाड अक्षरात."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग तिघांनीही उताराकडे पाहिलं.

टीकारामांना मसणवटीतून परत येऊन अर्धा तास झाला होता. डोकं तुळतुळीत, अंगावर शिवण नसलेलं पांढरं वस्त्र. ते क्रियेला बसले होते. क्रियेची जागा म्हणून खालची खोली शेणानं सारवली होती, कारण तीच सगळ्यांत स्वच्छ होती आणि आत दुसरं काही नव्हतं. दारापासून हातभर आत पांढरी रेघ ओढलेली होती. रेघेच्या आत कोणी जायचं नाही, त्यांना कोणी शिवायचं नाही, तेरा दिवस. त्यांच्या मागे गवताची गादी होती, आणि गादीच्या मागे कोपऱ्यात कोपिलाची बॅग. सारवणाऱ्यांनी तिच्या चहूबाजूंनी नीट सारवलं होतं, जशी ती जोत्याचाच भाग असावी.

मेनुकानं दुःखाच्या दोन गोष्टी बोलून घेतल्या, मनापासून. मग तिची नजर कोपऱ्यात गेली ती तिथून हलेना.

"तुमची बॅग," टीकाराम म्हणाले. "माझंही आत्ताच लक्ष गेलं. पाठीला काहीतरी टोचलं म्हणून बघितलं."

रेघ ओढणारे पण्डितबाजेच होते. गावात साइतही तेच काढायचे आणि क्रियाही तेच चालवायचे, त्यामुळे निघणारा कुठल्याही दिशेला निघाला तरी त्यांच्याच हातून जायचा. मेनुकानं त्यांना अंगणात गाठलं.

"बाजे, मी रेघेच्या आत जाऊन बॅग आणू का?"

"रेघ ओलांडायची नसते."

"टीकारामदाइंनी बाहेर सरकवली तर?"

"त्यांनी शिवलेलं तू शिवलंस तर सुतक तुझ्या घरी. मग रविवारी मुलीच्या कपाळाला टीका कुणाच्या हातानं लावणार? निरोपाचं सगुन कोण देणार?"

"सुनपानी शिंपडलं तर?"

पण्डितबाज्यांनी जरा विचार केला. सोनं बुडवलेल्या पाण्यानं पुष्कळ गोष्टी निभावतात. "शिंपडून घरी नेणार?"

"घरीच. म्हणजे, लगेच परत आणीन."

"प्रस्थान ठेवलेली वस्तू घरी?" ते म्हणाले, आणि प्रश्नचिन्ह तिच्या हातात ठेवून पुढच्या क्रियेला निघून गेले.

बुधवारची दुपार आणि गुरुवारचा अर्धा दिवस मेनुकानं बॅग सोडून सगळं हलवून पाहिलं. शाळेत जाऊन मुख्याध्यापकांकडे नवा दाखला मागितला. ते म्हणाले, जुना हरवल्याचं पोलिसांचं पत्र आणा. "हरवला नाही, सर. कुठं आहे ते पक्कं माहीत आहे," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच उत्तराची तिला कीव आली. बाजारातला झेरॉक्सवाला झेरॉक्सला मूळ कागदासारखा चकचकीतपणा आणून द्यायला तयार होता, पण त्याच्या उत्साहाचीच तिला भीती वाटली. एकदा तर ती टीकारामांच्या खिडकीखाली जाऊन बांबू किती लांब लागेल याचा अंदाज घेत उभी होती. आठवीला तरफेचे प्रकार शिकवणारी बाई. वरून खिमानं डोकावलं, तेव्हा तिनं गवत उपटल्यासारखं केलं.

त्या सगळ्या धावपळीत कोपिला एकदाही चिडली नाही, आणि मेनुकाला तेच सहन होईना. पोरगी चिडली असती तर उलटून बोलता आलं असतं.

गुरुवारी चार वाजता ती स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "माझ्यामुळे तुझी जागा जाणार."

कोपिला टोपल्यातले बटाटे निवडत होती. "आमा, बॅग आपल्याकडे येऊ शकत नाही ना?"

"नाही."

"आणि ठुल्बांना कोणी शिवायचं नाही. पण ठुल्बांनी बॅगेला शिवायचं नाही, असं बाजे म्हणाले का?" टीकारामांना ती लहानपणापासून ठुल्बा म्हणायची, मोठे बाबा.

मेनुकानं आठवून पाहिलं. असं ते म्हणाले नव्हते. बॅग रेघेच्या आत होती आणि टीकारामही रेघेच्या आत होते. सगळ्या तान्सेनमध्ये त्या बॅगेला हात लावायला मोकळा असा एकच माणूस होता, ज्याला कोणी हात लावायचा नव्हता.

साडेचारला तिघं खालच्या खोलीच्या दारात उभी होती. टीकारामांनी सगळं ऐकून घेतलं. क्रियेत फार बोलायचं नसतं. ते गादीवर ताठ झाले, बॅग पुढ्यात ओढली आणि चेन उघडली. सगळ्यांत वर लाल मोजे होते. ते त्यांनी दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवले.

"पुण्याला?" त्यांनी विचारलं.

"सांगा तिला, दाइ. पहाटे थंडी असते ना तिकडं?"

टीकारामांनी मायलेकींकडे आळीपाळीनं पाहिलं. बावीस वर्षांत त्यांनी असल्या अनेक चौक्या सांभाळल्या होत्या. "वाऱ्यावर अवलंबून असतं," ते म्हणाले.

फोन लागेना. लागला तर चित्र येईना. चित्र आलं तर आवाज येईना. कोपिला रेघेच्या अलीकडे फोन उंच करून उभी, पूर्णप्रसाद अंगणात घराच्या चारी कोपऱ्यांत कुठं रेंज पकडतेय ते बघत फिरतोय, आणि मेनुका मनगटाकडे बघतेय. पाचला दहा. पाचला चार. मग पाच. मग पाच वाजून तीन.

ती दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली. तिच्या मनात आलं, रुमालच ठेवायला हवा होता. सगळं जग रुमाल ठेवतं. आपल्यालाच काय झालं होतं की पोरीचं अख्खं पुढचं आयुष्य उचलून दुसऱ्याच्या घरात ठेवलं, आणि वर स्वतःला काळजी घेणारी म्हणवून घेतलं?

"संपलं," ती म्हणाली. "पाच वाजून गेले."

"कुणाचे?" टीकाराम म्हणाले.

तिनं वर पाहिलं. त्यांनी हनुवटीनं पलीकडच्या भिंतीकडे खूण केली. उघड्या दारातून ते घड्याळ दिसत होतं. पाचला बारा मिनिटं कमी होती.

"हिंदुस्थानचे अजून वाजायचेत," टीकाराम म्हणाले. "लाव परत."

या वेळी लागला. पडद्यावर चष्मा लावलेल्या एक बाई आल्या. मागे कपाट, कपाटावर फायली, फायलींवर पंखा. त्यांनी सबनीस असं नाव सांगितलं आणि हिंदीत झटपट विचारलं, "कोपिला बस्याल? शेवटची तूच राहिली होतीस. दहावीची गुणपत्रिका दाखव."

कोपिलानं फोन वळवला. टीकारामांनी गुणपत्रिका दोन्ही हातांनी छातीपुढे धरली, कोपरं बाहेर, नजर समोर. संचलनात पलटणीचं निशाण धरतात तशी.

सबनीसबाई पडद्याजवळ वाकल्या.

"हे कोण?"

"हे कागद धरणारे," कोपिला म्हणाली.

"कागद विद्यार्थ्यानं स्वतः धरायचे असतात. नियम आहे."

"मला तिथं जाता येत नाही, मॅडम. रेघ आहे."

"कसली रेघ?"

कोपिलानं फोन खाली केला. पडद्यावर सारवलेली जमीन गेली, पांढरी रेघ गेली, पेटती समई, केळीच्या पानावरचं पिंडाचं सामान. फोन परत वर आला, तेव्हा सबनीसबाईंनी चष्मा काढलेला होता.

"कोण गेलं?" त्यांनी हळू विचारलं.

"आई," टीकाराम म्हणाले. बावीस वर्षांची हिंदी त्यांच्या तोंडात अजून ताठ उभी होती. "उमर त्र्याण्णव. आज दुसरा दिवस."

"आणि कागद त्या खोलीत कसे?"

आता मेनुकाला पुढं यावंच लागलं. तोडक्यामोडक्या हिंदीत ती म्हणाली, "मी ठेवले. म्हणजे प्रस्थान म्हणून. रविवारचा दिवस चांगला नव्हता."

सबनीसबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्या म्हणाल्या, "प्रस्थानाला सुपारी आणि रुमाल ठेवतात, बाई. अख्खी फाइल कोणी ठेवतं का?"

मेनुकानं मान खाली घातली. हजारभर मैलांवरच्या अनोळखी बाईनंही नेमकं तेवढंच काढावं.

"बरं, असं करा," सबनीसबाईंनी चष्मा परत चढवला. "मुलगी आणि कागद एकाच चित्रात दिसू द्या. धरलाय कोणी, याचा रकाना माझ्या अर्जात नाही."

मग कोपिला रेघेच्या अलीकडे ओणवी उभी राहिली, फोन पूर्णप्रसादनं धरला आणि टीकाराम तिच्या मागून एकेक कागद वर करत गेले. बारावीची गुणपत्रिका. दाखला. नागरिकता. ना-हरकत पत्र. प्रत्येक कागद खाली ठेवण्याआधी ते तो अर्धा क्षण जास्त धरत, सलामी स्वीकारली जाईपर्यंत थांबावं तसे.

"झालं," सबनीसबाई म्हणाल्या. "आता शेवटचं. पालकांची संमती. अर्जावर सही वडलांची आहे, पण तोंडी कोणीही दिली तरी चालतं. आई समोरच आहात, तुम्हीच सांगा. मुलीला इतक्या लांब पाठवायला तुमची संमती आहे?"

फोन मेनुकाकडे वळला. पडद्याच्या कोपऱ्यात तिला स्वतःचा चेहरा दिसला, लहानसा, नाणं असावं एवढा. सहा महिने तिनं अर्ज भरले होते, रांगा लावल्या होत्या, तिकीट काढलं होतं, पापड वाळवले होते. हा एक प्रश्न कोणी विचारला नव्हता. तिनं स्वतःलाही नाही. बॅगेत तिनं सगळं घातलं होतं, आणि हे एक मागे ठेवलं होतं, घरात, उंबऱ्याच्या आत, कुठल्याही साइतीला बाहेर न काढता.

"आमा," कोपिला हळूच म्हणाली. "दोन मिनिटं राहिलीत."

"कुठली?" मेनुका म्हणाली. "आपली की तिकडची?"

"तिकडची."

"हो," मेनुका म्हणाली. "आहे."

पलीकडे शिक्का आपटल्याचा आवाज आला.

फोन बंद झाला. मेनुका टीकारामांना म्हणाली, "दाइ, माफ करा. तुमच्यावर अशी वेळ, आणि आम्ही आपलं दारात तमाशा मांडून बसलो. मला वाटत होतं, आमा गेल्या म्हणजे साइत बिघडली."

टीकाराम फाइल बॅगेत ठेवत होते. "बिघडली कशी? तीन वर्षं आईचं निघता पाय निघत नव्हता. मंगळवारी तुम्ही सांगितलंत, वेळ चांगली आहे. तिनं तुमचीच साइत वापरली, बहिनी. चांगलीच होती म्हणायची."

रविवारी मेनुकाच्या दारात दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेले कलश ठेवले गेले. दही आणि अक्षतांचा टीका लागला, गळ्यात दुर्वांची माळ आली, सगुन म्हणून उकडलेलं अंडं आणि तळलेली मासळी हातात देऊन झाली. मेनुकाच्या बोटाला दही लागून राहिलं होतं ते तिनं पुसलं नाही. मग सगळे पाच घरं उतरून आले. पण्डितबाजे तिथंच होते.

"बाजे, आता बॅग बाहेर कशी काढायची?" मेनुकानं भीत भीत विचारलं.

"टीकाराम रेघेबाहेर सरकवतील. उचलायची आणि निघायचं."

"आणि सुतक?"

"प्रवाशाला कसलं सुतक? बॅग मंगळवारीच निघालीय. ती ना तुझ्या घरची, ना यांच्या घरची."

मेनुका त्यांच्याकडे बघत राहिली. "बुधवारी का नाही सांगितलंत?"

"बुधवारी तू विचारलंस, घरी नेऊ का. मागे न्यायची तर सुतक लागतं." पण्डितबाज्यांनी तांब्यातलं सुनपानी दर्भानं बॅगेवर शिंपडलं. "पुढे न्यायची तर नाही लागत."

जीप बसथांब्याहून सुटली. पूर्णप्रसाद पुण्यापर्यंत सोबत जाणार होता. कोपिलानं खिडकीतून हात काढला आणि वळण येईपर्यंत तो आत घेतला नाही.

घरी जाताना वाटेत पाच घरं आधी मेनुकाचे पाय आपोआप थांबले. तिला रिकाम्या घरात लगेच जायचं नव्हतं. ती खालच्या खोलीच्या दारात बसली. टीकाराम गादीवर होते. कोपऱ्यात बॅगेच्या जागी सारवणात एक चौकोन उरला होता, आणि चौकोनात काहीतरी होतं. ओढणीच्या तुकड्याची लहानशी पुरचुंडी. गाठीतून लाल लोकर बाहेर आली होती.

"हे काय?"

"काल कोपिला ही रेघेबाहेरून आत टाकून गेली, बॅगेतला एक मोजा मलाच यात बांधायला लावला. म्हणाली, ठुल्बा, बॅग गेली की तिथंच ठेवा. परतीची साइत आहे." टीकाराम बोटं मोजू लागले. "सुपारी आहे, नाणं आहे, अक्षता आहेत. आणि एक मोजा."

"एकच?"

"एकच. दुसरा घेऊन गेली. म्हणाली, रुमाल ठेवला तर रुमालच परत येतो."

पलीकडच्या खोलीत घड्याळ टिकटिकत होतं, पाव तास मागे. आजपासून कोपिला त्या वेळेत राहणार होती.

"साइत काढली कुणी?" मेनुकानं विचारलं.

"कुणी नाही. म्हणाली, दसैंच्या सणाला येणारच आहे. आमाला विचारलं तर ती तीनदा पंचांग उघडायला लावेल."

"आणि तोंड कुठल्या दिशेला आहे त्याचं? मोज्याचं?"

टीकारामांनी मागं वळून पाहिलं. "पश्चिमेला दिसतंय. का?"

दाराला टेकवलेली एक काठी होती, खिमा कुत्री हाकलायला ठेवायची ती. मेनुकानं ती उचलली, रेघेच्या अलीकडे गुडघ्यावर बसली आणि काठी आत घालून पुरचुंडी हळूहळू फिरवू लागली. दोनदा ती कलंडली. तिसऱ्यांदा वळली.

"बहिनी," टीकाराम म्हणाले, "तुमचा तर विश्वास नाही ना यावर?"

"नाही," मेनुका म्हणाली, आणि मोज्याचा पंजा आणखी जरासा पूर्वेला, घराच्या बाजूला सरकवला.